ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडलेत, कुठलं औषध देऊ?

ओलीसुकी | ३ जून, २१:४२

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय.

माझ्याकडे दोन ऑस्कर मासे आहेत, ढब्बू आणि बंड्या. चौदा महिन्यांपूर्वी आणले तेव्हा दोघंही एका तळहातावर मावले असते. आता काचेला पट्टी लावून मोजलं तर २४ सेंमी भरतात. टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी. सोबत एक सकर (काचेला चिकटून राहणारा मासा) आहे, तोही चांगलाच पसरलाय.

गेल्या महिन्यापासून ढब्बूच्या डोळ्यांच्या वर, कपाळावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसायला लागली. त्यातली दोन आता मुगाच्या दाण्याएवढी झालीत. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी. चार दिवस खाणं बंद, कोपऱ्यात तोंड खुपसून उभा असतो. बंड्या बरा आहे, फक्त रंग उतरलाय.

पाणी नियमित बदलते, दर पंधरा दिवसांनी १० टक्के. फिल्टरचा स्पंज दर रविवारी नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत धुते. पाणी काचेसारखं नितळ आहे, त्यामुळे दोष पाण्याचा नसावा. जिथून मासे आणले तिथे विचारलं तर पाण्यात टाकायला एक निळं औषध दिलंय. अजून टाकलेलं नाही. टाकू का?

खवल्या | ३ जून, २२:०५

निळं म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू. बुरशीला ठीक, अंड्यांना ठीक. कपाळावरच्या खड्ड्यांशी त्याचा काही संबंध नाही, उलट फिल्टरमधले जिवाणू मारेल. बाटली कपाटात ठेवा.

सहजच | ३ जून, २२:११

माझ्याकडे फक्त गप्पी आहेत, त्यामुळे सल्ला नाही. ढब्बू लवकर बरा होवो. वाचतेय.

कल्लेदार | ३ जून, २२:५०

ओलीसुकी, तुमच्या पोस्टमध्ये दोन वाक्यं अशी आहेत की माझ्यासारख्याची झोप उडावी. पहिलं स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुण्याचं. दुसरं पाणी नितळ असल्याने दोष पाण्याचा नसावा, हे.

विरघळलेली साखर जशी दिसत नाही तसा अमोनियाही दिसत नाही. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतात, त्यामुळे तळावरची घाण तुम्ही कितीही टिपली तरी तो पाण्यात येतच राहतो. स्पंजावरचा जो तपकिरी बुळबुळीत थर तुम्ही दर रविवारी धुऊन टाकता, त्यातच अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना मारतो. म्हणजे कामगार दर आठवड्याला काढून टाकायचे आणि कारखाना का चालत नाही म्हणून विचारायचं.

औषधाचं नंतर बघू. रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं व्हायला नको. आधी पाच आकडे द्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते) आणि केएच (पाण्यातली क्षारता). टाकीचे वेगळे, नळाचे वेगळे. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या. तोवर खाणं पूर्ण बंद. प्रौढ ऑस्करला चार-सहा दिवसांच्या उपासाने काही होत नाही.

ओलीसुकी | ४ जून, १९:२०

किट आणलं. हात थरथरत होते म्हणून सगळं दोनदा केलं.

टाकी: अमोनिया ४, नायट्राइट ०.२५, नायट्रेटचा रंग तक्त्यातल्या शेवटच्या १६० पेक्षाही गडद लाल, पीएच ६.० (तक्त्यात याखाली रंगच नाही), केएच पहिल्याच थेंबाला रंग बदलला.

नळ: अमोनिया ०, नायट्रेट ५च्या आसपास, पीएच ७.८, केएच ५.

मला रडू येतंय.

धडाकेबाज | ४ जून, १९:३१

बापरे! ताबडतोब अर्ध्याहून जास्त पाणी काढून ताजं भरा. आत्ता, याच क्षणी. अमोनिया ४ म्हणजे विष आहे विष.

कल्लेदार | ४ जून, १९:३८

थांबा!! ओलीसुकी, बादली खाली ठेवा. सविस्तर लिहितो, दहा मिनिटं द्या.

कल्लेदार | ४ जून, २०:०४

धडाकेबाज यांचा हेतू चांगला आहे. एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण इथे पीएच ६ आहे आणि सगळी गोम तिथेच आहे.

किट जो अमोनिया दाखवतं ती दोन रूपांची बेरीज असते. एक अमोनियम, बऱ्यापैकी निरुपद्रवी. दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो. कुठलं रूप किती हे पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना पीएच ६ असेल तर मोकळा अमोनिया एकूणाच्या साधारण ०.०६ टक्के. पीएच ७ ला अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, ७.८ ला साधारण साडेतीन टक्के, ८ ला पाच टक्क्यांहून थोडा जास्त, ९ ला तर ३६ टक्के.

आता हिशेब. आज टाकीत एकूण ४ मि.ग्रॅ. प्रति लिटर आहे, त्यातला मोकळा जेमतेम ०.००२. म्हणून तर ढब्बू अजून उभा आहे. अर्धं पाणी बदललंत तर एकूण २ वर येईल, पण नळाच्या पाण्याने पीएच वर चढेल. तो ७.८ पर्यंत गेला तर मोकळा अमोनिया ०.०७ होईल, म्हणजे आजच्या तीसपट. ०.०५ च्या वर कल्ल्यांना इजा व्हायला लागते. पाणी स्वच्छ करायला गेलं आणि सकाळी मासे उलटे, या गोष्टी आपण ऐकतो त्यातल्या कितीतरी अशाच घडलेल्या असतात.

पीएच इतका खाली का गेला? जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातली क्षारता खातात. अमोनियातल्या १ मि.ग्रॅ. नायट्रोजनमागे सुमारे ७ मि.ग्रॅ. क्षारता जाते. पाणी पुरेसं बदललं नाही की केएच संपतो, पीएच घसरतो, आणि ६ च्या आसपास जिवाणूंचंच काम मंदावतं. मग अमोनिया साचायला लागतो. त्यात तुमचं रविवारचं स्पंज-स्नान.

म्हणून असं करा. रोज १० ते १५ टक्के पाणी, सावकाश, नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं. क्लोरीन घालवणारं द्रव्य असं घ्या की जे अमोनियाही बांधून ठेवतं. नुसतं सोडियम थायोसल्फेट क्लोरीनपुरतं ठीक आहे. पण तुमच्या पाणीपुरवठ्यात क्लोरामीन असेल तर थायोसल्फेट ते फोडतं आणि त्यातला अमोनिया पाण्यातच राहतो. रोज पाणी बदलण्याआधी पीएच आणि अमोनिया मोजा, इथे लिहा. हवेचा दगड असेल तर आजच लावा. खाणं बंदच.

धडाकेबाज | ४ जून, २०:१५

हे माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद कुणी घाईत वाचायला नको. संपादकांनी तो उडवला तरी हरकत नाही.

कल्लेदार | ४ जून, २०:१९

नको, राहू दे. पुढचा माणूस दोन्ही वाचेल.

त्रैराशिक | ४ जून, २२:४०

माशांतलं मला कमी कळतं, आकड्यांतलं बरं कळतं. नायट्रेट १६०च्या वर कसं गेलं याचं गणित अगदी सोपं आहे.

समजा या तीन माशांमुळे आठवड्याला १० मि.ग्रॅ. नायट्रेट वाढतं. पंधरवड्याला २०. तुम्ही पंधरवड्याला १० टक्के काढता. साठा वाढत वाढत अशा जागी येऊन थांबणार, जिथे १० टक्के काढणं म्हणजेच २० काढणं. म्हणजे २००. वर्षभर नेमाने, एकही पंधरवडा न चुकवता बदललंत तरी २००. नियमितपणात तुम्ही कुठेही कमी पडलेला नाहीत, टक्का कमी पडलाय.

हेच दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं तर साठा २० ला थांबेल. २५ टक्के बदललं तर ४० ला. (नळाच्या पाण्यातलं ५ धरलेलं नाही, ते वर मिळवा.) सूत्र एकच: दोन बदलांमधली वाढ भागिले बदललेला हिस्सा.

मीनाक्षी_नव्हे | ४ जून, २२:५८

त्रैराशिक, हे भिंतीवर चिकटवण्यासारखं आहे. वाचनखूण साठवली.

जुनाखोड | ५ जून, ०८:१२

हे सगळं वाचून गंमत वाटली. आमच्याकडे तीन फुटी टाकीत एक ऑस्कर नऊ वर्षं होता. ना किट, ना केएच, ना त्रैराशिक. मासा टाकीएवढाच वाढतो आणि थांबतो, निसर्गाची सोय असते तशी. हल्ली माशांचे जास्तच लाड चाललेत.

खवल्या | ५ जून, ०८:४०

तुमचा किती मोठा झाला होता?

जुनाखोड | ५ जून, ०८:५५

वीतभर असेल. जरा जास्त.

खवल्या | ५ जून, ०९:१०

ऑस्कर ३० सेंमी सहज होतो, काही त्याहून मोठे. नऊ वर्षांचा वीतभर ऑस्कर हा टाकीच्या मापाने शहाणपणाने थांबलेला मासा नाही, खुंटलेला मासा आहे. साचलेल्या पाण्याने आणि जागेच्या टंचाईने वाढ रखडते. डोळे मोठे दिसतात आणि अंग आखूड, अशी ठेवण असते त्यांची. तुमचा तसा होता का?

जुनाखोड | ५ जून, ०९:३४

डोळे मोठे होते खरे. आम्हाला ते गोड वाटायचे.

जाऊ दे. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

तळगाळ | ५ जून, १३:२०

टाकीवर बोलू या, कारण ढब्बू या खेपेला वाचला तरी ९० सेंमीच्या टाकीत सहा महिन्यांत पुन्हा हाच धागा निघेल.

लोक लिटर मोजतात, मी आधी रुंदी मोजतो. ३० सेंमीच्या माशाला ४५ सेंमी रुंदीत वळताना अंग दुमडावं लागतं. लांबी कितीही असली तरी ४५ रुंदीची टाकी म्हणजे माशासाठी बोळ. एका ऑस्करला १२० × ६० × ६० घ्या, एकूण ४३२ लिटर. दोघांना १८० × ६० × ६०, म्हणजे ६४८ लिटर. भरताना वरची चार बोटं रिकामी ठेवाल, तेव्हा पाणी ६०० धरा.

आणि वजन. ६०० लिटर पाणी म्हणजे ६०० किलो. १२ मिमी काचेची ही टाकी स्वतःच १२० किलोच्या आसपास. स्टँड, वाळू, दगड धरून पाऊण टनाच्या वर जातं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर भार पेलणाऱ्या भिंतीला लागून ठेवा, खोलीच्या मधोमध नको, आणि शंका असेल तर बांधकामातल्या जाणकाराला आधी दाखवा. स्टँडचा वरचा पृष्ठभाग पातळीत हवा. टाकी आणि स्टँडच्या मध्ये थर्माकोलची शीट घाला, एक खडा राहिला तरी काच तिथूनच तडकते.

झाकण जड हवं. ऑस्कर उडी मारतो, आणि हलकं झाकण नाकाने उचलतो.

हीटर टाकीत नको, सम्पमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत). टाकीत ठेवावाच लागला तर जाळीच्या आवरणात. माझ्या ऑस्करने काचेचा हीटर खेळण्यासारखा आपटून फोडला होता. सर्किट ब्रेकर नसता तर हा प्रतिसाद दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता.

फ्लॉवरहॉर्नवाला | ५ जून, १५:०२

तळगाळ यांना अनुमोदन. फक्त एक भर, माझ्या अनुभवातली. मोठ्या सिक्लिडमध्ये (म्हणजे ऑस्करच्या कुळातल्या माशांमध्ये) ऑस्कर स्वभावाने बराच सौम्य. जॅग्वार, रेड डेव्हिल, फ्लॉवरहॉर्न यांना ऑस्करसोबत ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. माझा फ्लॉवरहॉर्न एकटा राहतो आणि त्याला स्वतःचं प्रतिबिंबसुद्धा सहन होत नाही. खोलीतला दिवा बंद आणि टाकीतला चालू असला की आतून काच आरशासारखी होते आणि हा रात्रभर काचेवर धडका देतो. ओठ सोलून निघाले होते. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून काळा कागद लावला, टाकीचा दिवा खोलीच्या दिव्याआधी बंद करायला लागलो, तेव्हा थांबला.

सकरबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. साधा सकर ४० सेंमीच्या घरात जातो. तो टाकी साफ करत नाही, स्वतः ढीगभर घाण करतो, आणि रात्री झोपलेल्या ऑस्करच्या अंगाला चिकटून चिकटा खरवडतो. ढब्बूच्या कुशीवर गोल फिकट डाग आहेत का बघा.

ओलीसुकी | ५ जून, २०:१८

आहेत. दोन. मला वाटलं तोही रोगच.

आजचे आकडे: अमोनिया ३ च्या आसपास, पीएच ६.२. ढब्बू अजून कोपऱ्यातच. कल्ले जोरजोरात हलताहेत.

एकाने फोनवर सांगितलं, तापमान ३२ करा, जंतू मरतात. आत्ता २७ आहे. करू?

कल्लेदार | ५ जून, २०:३०

नको. तो उपाय पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात सांगतात, इथे तो रोग नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मि.ग्रॅ., ३० ला ७.६. कल्ले आधीच दमलेत, त्यांना आणखी विरळ हवेत पळवायचं कशाला? शिवाय तापमान चढलं की मोकळ्या अमोनियाचा टक्काही चढतो. २६-२७ वरच राहू द्या.

तांगानिकाकर | ५ जून, २३:११

अवांतर वाटेल, पण धागा पुढे कुणी फ्रंटोसा या दुसऱ्या सिक्लिडसाठी वाचेल म्हणून लिहितो. ‘मोठे सिक्लिड’ हा एक गट नाही. ऑस्कर दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी चालतं. माझे फ्रंटोसा आफ्रिकेतल्या तांगानिका तलावातले, तिथलं पाणी कठीण आणि पीएच ९च्या आसपास. वरचा टक्केवारीचा हिशेब पुन्हा वाचा: पीएच ९ ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त अमोनिया मोकळा. ओलीसुकींच्या टाकीत ४ वर मासा तग धरून आहे, माझ्याकडे अर्ध्यावरही धरणार नाही. आणि या दोघांना एकाच टाकीत ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

हौशीनवशी | ६ जून, १०:४५

इतका व्याप झेपत नसेल तर जवळच्या तळ्यात सोडून द्यावेत. मोकळे तरी होतील बिचारे.

तांगानिकाकर | ६ जून, ११:०२

कृपा करून असं लिहूही नका. पनामातल्या गाटुन तलावात १९६७च्या सुमारास पीकॉक बास शिरला. तोही सिक्लिडच, बाहेरून आणून तळ्यात पाळलेला. काही वर्षांत तलावातल्या मूळच्या कितीतरी छोट्या माशांची दाणादाण उडाली. त्या माशांवर जगणारे पक्षीही कमी झाले. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला, आजही तो उदाहरण म्हणून शिकवतात. ऑस्कर तळ्यात गेला तर एक तर थंडीने किंवा भुकेने मरेल, नाहीतर जगेल. दुसरं जास्त वाईट.

हौशीनवशी | ६ जून, ११:२०

एवढं माहीत नव्हतं. मागे घेतो.

ओलीसुकी | ९ जून, २१:०५

आकडे: अमोनिया १, नायट्राइट ०.५, नायट्रेट अजून लालच पण थोडं कमी लाल, पीएच ६.६, केएच २. कल्ल्यांची धडधड कमी झाली. खड्डे आहेत तसेच, पण नवीन नाहीत.

आणि आज ढब्बू कोपऱ्यातून बाहेर आला. मी टाकीसमोर बसले होते, समोर येऊन बघत राहिला. बस्स, एवढंच झालं, पण सांगावंसं वाटलं.

आता औषधाचं काय? आणि खायला काय देऊ? आजवर सुकी कोळंबी आणि अधूनमधून जिवंत गोल्डफिश देत होते.

कल्लेदार | ९ जून, २२:१०

नायट्राइट जरा वाढलंय ते अपेक्षित होतं. पीएच सुधारल्यावर पहिल्या पाळीचे कामगार आधी जागे झालेत, दुसरी पाळी मागून येईल. आठवडाभरात उतरायला हवं. चिमूटभर साधं मीठ घातलंत तर क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अडथळा होतो.

खड्ड्यांबद्दल: या दुखण्याचं एकच असं कारण नाही. खराब पाणी, निकृष्ट एकसुरी आहार, ताण, आणि पुष्कळदा स्पायरोन्यूक्लिअस नावाचा आतड्यातला एकपेशीय परजीवी, अशी मिसळण असते. परजीवीवर मेट्रोनिडाझोल चालतं. ते पाण्यात ओतण्यापेक्षा खाण्यातून दिलेलं चांगलं, त्यासाठी मासा खायला हवा. मात्रा माशाच्या वजनावर ठरते, तेव्हा मासे बघणारा पशुवैद्य गाठा, इथे विचारून देऊ नका. आणि पाणी सुधारल्यावर खाऊ लागला, विष्ठा नीट झाली, तर औषधाची गरजच उरणार नाही अशी मला आशा आहे.

आहारावर खवल्या लिहितील, त्यांचा तो प्रांत.

खवल्या | ९ जून, २३:३०

गोल्डफिश आजपासून बंद. दोन कारणं. एक, त्यांच्यात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं. रोज तेच खाणारा मासा भरल्या पोटी कुपोषित होतो. दोन, असे चाऱ्याचे मासे दाटीवाटीत वाढवतात, एकेक मासा रोगाचं पार्सल असतो. सस्तन प्राण्यांचं हृदय वगैरे देणारेही आहेत, पण ती चरबी माशाच्या यकृताला पेलत नाही.

सुकी कोळंबी वाईट नाही, पण फक्त तीच नको. मुख्य खाणं मोठ्या सिक्लिडसाठीच्या दर्जेदार गोळ्या. डबा लहान घ्या. फोडल्यावर महिनोन् महिने पडून राहिलेल्या गोळ्यांतलं क जीवनसत्त्व उडून जातं, आणि खड्ड्यांच्या दुखण्यात त्याचा संबंध वारंवार जोडला जातो. जोडीला सोललेला वाटाणा, गांडूळ, सोललेली कोळंबी, गोड्या पाण्यातल्या माशाचा तुकडा. रानात ऑस्कर किडे, अळ्या, कवचधारी जीव, छोटे मासे असं मिळेल ते खातो. प्रौढाला दिवसातून एकदा, आठवड्यात एक दिवस उपास.

तो भुकेला दिसेल. नेहमीच दिसेल. ऑस्करचा चेहराच तसा आहे, कुत्र्यालाही जमणार नाही इतका केविलवाणा. बळी पडू नका.

आणि खाऊन झाल्यावर पाच मिनिटांनी सायफन फिरवा. सिक्लिडला घशात दुसरा जबडा असतो. ऑस्कर गोळी गिळल्यासारखी दाखवतो, मग आत चावतो आणि कल्ल्यांतून चुरा सोडतो. निम्मी घाण त्या चुऱ्याची.

ओलीसुकी | १० जून, ०७:५०

घशात जबडा!! मला वाटायचं की धूर सोडतोय.

ओलीसुकी | २८ जून, २०:४०

धागा वर काढतेय. घरात मोठी चर्चा झाली. शेवटी १८० × ६० × ६० ठरली, खालच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला लागून. कपाट हलवावं लागलं आणि त्यावरून अजून टोमणे चालू आहेत. सकर एका ओळखीच्यांकडे गेला, त्यांच्याकडे मोठी टाकी आहे आणि ऑस्कर नाही.

सम्प करायचाय. काही सांगणार?

तळगाळ | २८ जून, २१:३५

दोनच गोष्टी, बाकीचं जो बनवून देईल त्याला कळतं.

वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतलं पाणी नळीच्या तोंडापर्यंत खाली उतरतं. तेवढं सगळं सम्पमध्ये मावलं पाहिजे. पहिल्याच दिवशी मुद्दाम पंप बंद करून बघा, आपण समोर उभे असताना. रात्री तीनला कळण्यापेक्षा ते बरं.

दुसरं, जुन्या टाकीतला स्पंज, रिंगा, जे असेल ते सम्पमध्ये घाला. धुऊ नका! जिवाणू त्यावरच आहेत. पुढेही धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, दोनदा पिळायचा, बास. पंप तासाला टाकीच्या सहा-आठ पट पाणी फिरवेल असा.

सजावट फार करू नका. वाळू, दोन-तीन मोठे गुळगुळीत दगड, एखादं खोड. दगड काचेवर टेकवून मग वाळू ओता. वाळूवर ठेवले तर ऑस्कर खालून उकरतो आणि दगड कोसळतो. झाडं लावायची हौस असेल तर आधी मनाची तयारी करा.

त्रैराशिक | २८ जून, २२:०२

तेच मासे (सकर वजा), १६० ऐवजी ६०० लिटर. आठवड्याची वाढ १० वरून पावणेतीनच्याही खाली. आठवड्याला ४० टक्के बदललंत तर साठा ७च्या आत, अधिक नळातलं ५. मला आता मासे पाळावेसे वाटायला लागलेत, हे वाईट लक्षण आहे.

ओलीसुकी | २१ जुलै, १९:१५

काल दोघांना हलवलं. आणि आज ढब्बू तळावर आडवा पडलाय! एका कुशीवर, सपाट. कल्ले हलताहेत, डोळा माझ्याकडे. आकडे सगळे ठीक: अमोनिया ०, नायट्राइट ०, पीएच ७.४. काय झालं?? प्लीज कुणीतरी लवकर लिहा.

खवल्या | २१ जुलै, १९:२१

रुसलाय.

कल्लेदार | २१ जुलै, १९:२६

खवल्या खरं सांगताहेत. जागा बदलली, दगड हलवला, की पुष्कळ ऑस्कर असे आडवे पडतात. आकडे ठीक आहेत, श्वास शांत आहे, मग दिवा बंद ठेवा आणि खोलीबाहेर जा. पंधरा-पंधरा मिनिटांनी जाऊन बघू नका.

ओलीसुकी | २३ जुलै, ०८:०५

उठला. सात गोळ्या खाल्ल्या. मग सगळी वाळू तोंडाने उचलून उजव्या कोपऱ्यात नेऊन टाकली, आता डावीकडे नुसती काच आहे. बंड्या बघत होता.

ओलीसुकी | ४ नोव्हेंबर, २१:३०

धाग्याला पाच महिने झाले म्हणून हालहवाल. ढब्बूचे लहान खड्डे भरले. दोन मोठ्यांचे व्रण राहिलेत, ते राहतील असं पशुवैद्य म्हणाले. औषध शेवटी लागलंच नाही. नायट्रेट १० ते १५ मध्ये. शेपटीजवळचा डोळ्यासारखा ठिपका, जो जवळजवळ पुसला गेला होता, त्याचं नारिंगी वलय परत आलंय. दोघंही २९ सेंमी.

नवीन प्रश्न: आठवडाभर दोघं मिळून एक सपाट दगड तोंडाने घासताहेत, थरथरतात, आणि मी हात घातला की चावतात.

फ्लॉवरहॉर्नवाला | ४ नोव्हेंबर, २१:४४

हाहाहा. अभिनंदन. हात घालू नका.

ओलीसुकी | ७ नोव्हेंबर, २२:१०

अंडी घातली. दगडभर, हजाराच्या वर असतील. दोघं आळीपाळीने वारा घालताहेत.

ओलीसुकी | १० नोव्हेंबर, १९:५५

सगळी पांढरी पडली.

कल्लेदार | १० नोव्हेंबर, २०:२०

फलन झालं नाही. पहिल्या खेपेला नराचंही चुकतं, पण आणखी एक शक्यता आहे. ऑस्करमध्ये नर-मादी वरून ओळखू येत नाही. अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली जी नळी बाहेर येते ती बघा. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. काचेतून फोटो काढलेत का त्या दिवशी?

ओलीसुकी | १० नोव्हेंबर, २०:५२

काढलेत. आत्ता मोठे करून बघितले. ढब्बूची जाड, बोथट. बंड्याचीही जाड, बोथट.

घरातले म्हणताहेत आता नावं बदल. मी नाही बदलणार, ढब्बू म्हटलं की येते ती.